आई कुटुंबात बसत नाही

"आजी, पदर काढा जरा. फोटोत आजार दिसला पाहिजे."

वेल्फेअर ऑफिसरांनी माइकपासून तोंड बाजूला करून सांगितलं. तरी पुढच्या रांगेला ऐकू गेलंच. कुणीतरी हसलं.

खंडेनवमी होती. बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत त्या दिवशी मशिनं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात. पुण्याहून मालक येतात. पूजा झाली की 'गरजूंना मदत'. शाल, नारळ आणि चेकचं पाकीट. त्या वर्षीची गरजू म्हणजे माझी आई. औषधांनी केस गेलेले, पदर घट्ट ओढून कानामागं खोचलेला. शेजारी मी, त्याच कंपनीच्या स्टोअरमधली क्लार्क.

तिथं कशा पोचलो ते क्रमानं सांगते. मला तशीच सवय आहे.

आई निरवांगी गावची. वडील लवकर गेले. मी एकुलती. लोकांच्या रानात खुरपून तिनं मला इंदापूरला बारावीपर्यंत शिकवलं. मला नोकरी लागली, लग्न झालं, मी तिला बारामतीला आणलं. मग छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, त्यात घरात होतं नव्हतं ते गेलं. नवऱ्याचा पगार घरभाड्यात आणि मुलांच्या शाळेत संपायचा. पुढं सलाइनमधून केमोचे डोस सुरू झाले, त्यातले बरेच बाकी होते. डॉक्टर स्पष्ट बोलले, "मध्ये सोडलंत तर आधीचं सगळं वाया."

कंपनी कामगारांच्या घरातल्या आजारपणाची बिलं द्यायची. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वडिलांच्या ऑपरेशनचं मिळालं होतं, विनातक्रार. मी बिलं तारखेप्रमाणे लावली, झेरॉक्स काढल्या, फाइल दिली. फाइल परत आली.

"बाई, आई कुटुंबात बसत नाही," ऑफिसर म्हणाले.

"माझी आई आहे."

"पुरुष कामगाराची आई बसते. बाई कामगाराचा नवरा बसतो, मुलं बसतात, सासू-सासरे बसतात. सासूबाई आहेत ना तुम्हाला?"

"वारल्या."

"मग आता काय करणार!" ते हसले. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीनं म्हणाले, "आणि तुमच्या लोकांना सरकार सगळं फुकटच देतं की. सरकारी दवाखान्यात न्या."

तुमच्या लोकांना.

माझ्या लोकांपैकी एकच माणूस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं होतं. घरी बादलीवर वाकून उलट्या करणारं.

"खंडेनवमीला मदतीत नाव घालतो," ते म्हणाले. म्हणजे पैसे होते. हक्कानं नव्हते.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "घे की. जल्मभर लोकाच्या बांधावर हुबी ऱ्हायले, स्टेजवर हुबं ऱ्हायला काय जातंय? नारळ तेवढा हालवून बग."

आणि आता ती स्टेजवर होती. मालक घड्याळाकडं बघत होते. फोटोग्राफर एक डोळा मिटून थांबलेला.

"आजी, आटपा."

आईनं माझ्याकडं बघितलं. सोमवारी डोस होता, तिला ठाऊक होतं. तिचा हात वर गेला. कानामागचा पदर सुटला. घरात नातवंडांपुढंसुद्धा ती पदर सोडत नव्हती. झोपेतही एक हात डोक्यावर असायचा.

मी तिचं मनगट धरलं. नुसतं हाड लागलं.

"राहू दे, आई."

"पोरी, सोमवारचा डोस हाय."

"हाय. ठाऊक हाय मला."

ऑफिसात मी जपून, शुद्ध बोलते. त्या दिवशी तोंडातून गावचंच आलं. "सायेब, फोटो तुमचा हाय. डोकं माझ्या आईचं हाय. पदर न्हाय निघायचा."

"मग पाकीट देता येणार नाही, बाई. रिपोर्टला फोटो लागतो."

"ऱ्हाऊ द्या. मी बिल मागितलं हुतं."

मालक पुटपुटले, "अरे, नारळ तरी द्या त्यांना."

आई म्हणाली, "मशिनीपुढं फोडा. ती बसती तुमच्या कुटुंबात."

बाहेर पायरीवर येऊन ती बसली. तिनं पदर पुन्हा कानामागं खोचला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या घरी तो दिवस धम्मदीक्षेचा. आईनं पांढरं पातळ नेसून वंदना म्हटली. मग म्हणाली, "दीक्षा घेतली तवा आमी गावकीची कामं सोडली. भाकरी बंद झाली. तरी सोडली. सोमवारचं बगू."

सोमवारचा डोस कंपनीच्या पॅकिंग खात्यातल्या बायकांच्या भिशीतून झाला. त्या महिन्याचा नंबर त्यांच्यातल्या एकीचा होता, तिनं तो मला दिला. पुढच्या डोसांसाठी मी पीएफमधून उचल काढली. त्या फॉर्मात लेकीवर अवलंबून असलेली आई कुटुंबात बसत होती. सरकारला दिसत होती, कंपनीला दिसत नव्हती. सही त्याच ऑफिसरांची लागायची. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही. मी खुर्ची ओढली आणि सही होईपर्यंत बसले.

सगळे डोस झाले. तरी पुढच्या सुगीला आई गेली. पुण्यानुमोदन उरकून कामावर आले त्या दिवशी मी तीच फाइल पुन्हा दिली.

"आता काय उपयोग, बाई? आजी तर गेल्या."

उपयोग आहे. पॅकिंगमधल्या बायकांना आया आहेत. कुणाची खाटेला खिळलेली, कुणाची डोळ्यांनी अधू. तेव्हापासून दर खंडेनवमीला, हॉलमध्ये माळा लागत असताना, मी वेल्फेअर ऑफिसच्या खिडकीवर फाइल देते. आता तिच्यात नियम बदलायचा अर्जही असतो, त्याखाली दर वर्षी बायकांच्या सह्या वाढतात. पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही. फाइल परत येते.

येऊ दे. कंपनीच्या नियमात बाईची आई लिहिली जाईपर्यंत मी ती देणार. आणि मदतीचं पाकीट घ्यायला आमच्यातली एकही त्या स्टेजवर चढणार नाही.