देवळापुढच्या मांडवात आबा गायले त्याची गोष्ट

भजनी मंडळाचे बुवा आमच्या दारात आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. मिरजगावच्या अलीकडचं आमचं गाव. देऊळ वरच्या अंगाला, आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या खाली. बुवा याआधी कधी ओढा उतरून आल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

"शनिवारी देवळापुढं भजनाचा न् लोकगीतांचा कार्यक्रम हाय," ते माझ्या वडिलांना, आबांना म्हणाले. "तुमी या. तुमची गाणी म्हना."

आमचे आबा तरणेपणापासून वस्तीत भीमगीतं गातात. त्यांना हयातभर अरे-तुरे करणारा माणूस एकाएकी 'तुमी'वर आला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बुवा गेल्यावर आई म्हणाली, "इलेक्शन आलंय. दुसरं काय?"

"आसंल," आबा म्हणाले. "पन गायलाच बोलवलंय ना? जाऊ. डोळं उघडं ठिवून जाऊ."

शनिवारी दिवेलागणीला आम्ही तिघं गेलो. मांडवाच्या तोंडाशीच सरपंचपदाच्या उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स. आईनं मला कोपरानं ढोसलं. चहा कागदी कपातून आला. आम्हालाच कागदी की सगळ्यांना, म्हणून मी मान वळवून बघितलं. सगळ्यांना कागदीच होते. तरी माझं समाधान होईना. वाटलं, लोक जेवायला उठले की मग आबांना उभं करतील.

पण बुवांनी त्यांना सुरुवातीलाच बोलावलं. आबांनी ढोलकीवाल्याकडे एकदा पाहिलं आणि गाणं उचललं. मांडव गप्प झाला. ही शांतता कसली, मला कळेना. मग पुढं बसलेली एक म्हातारी मांडीवर ताल धरू लागली.

नंतर बुवा अभंगाला बसले. वरच्या सुरात त्यांचा आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. त्यांनी वळून आबांना हातानं खूण केली: तुम्ही घ्या. आबा हललेच नाहीत. मला वाटलं, हाच तो डाव, आबांचं चारचौघांत हसं करायचा. टाळ नुसतेच वाजत राहिले. मग आबांनी डोळे मिटले आणि ती ओळ अशी काही वर नेली की बुवांचे टाळ वाजवणारे हात थांबले.

तेवढ्यात उमेदवार शाल घेऊन स्टेजवर चढला, मागं मोबाईलवाला. बुवा तिथूनच ओरडले, "आधी गानं हुंद्या! शाल कुठं पळून चालली का?"

गाणं झालं. शालही झाली, फोटोही झाला. सकाळी तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होता, खाली 'सर्वांना सोबत घेऊन' असं लिहिलेलं. आबांनी फोटो बघून मोबाईल मला परत दिला. "डोळं उघडं ठिवून जाऊ म्हनलं हुतं ना," एवढंच बोलले.

निवडणूक झाली. तो माणूस जिंकला आणि वस्तीकडे फिरकला नाही. बुवा मात्र संध्याकाळी येऊ लागले. त्यांचा घसा बसला होता, डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं होतं. "माझ्या चाली तुमी घ्या," ते आबांना म्हणायचे. "रानात पानी धरताना तुमचा आवाज लई दिवस ऐकलाय मी. यायची लाज वाटायची." आई चुलीपासून ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. एवढ्या दिवसांची लाज एकदम कशी गेली, असं तिच्या डोळ्यांत असायचं.

एकदा आमच्याकडे मटण होतं. आबांनी बुवांना जेवायला बसवलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. आईचा चेहराच बदलला. "कळलं," ती म्हणाली. "गानं चालतं, आमचं आन्न चालत न्हाई."

बुवा गोंधळले. मग गळ्यातली तुळशीची माळ बोटानं पुढं ओढून दाखवत म्हणाले, "आवो, माळकरी हाय मी. मटन चालत न्हाई. भाकरी-चटनी द्या की."

आईनं तव्यावरची भाकरी दिली, वर ठेचा घातला. आणि त्यांचा शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत ती समोरून हलली नाही.