सिताराम उस्ताद आणि आखाड्याची लाईन

झरी गावात रेडिओ बिघडला की माणूस आधी त्याला दोन थापडा मारून बघायचा आणि मग सिताराम उस्तादाकडं घेऊन जायचा. वीस वर्षं हाच रिवाज. उस्ताद रेडिओ पालथा घालायचा, मागचं झाकण काढून आत फुंकर मारायचा आणि समोरच्याकडं असं बघायचा, जसं काही त्यानंच रेडिओला विष पाजलंय. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण निजामाच्या पलटणीत बिनतारी यंत्रावर राहिलेल्या एका म्हाताऱ्या मियाँकडं परभणीत सहा वर्षं इलम शिकलेला. गाव त्याला उस्ताद म्हणायचं आणि त्याला ते इतकं गोड लागायचं की बायको, कडूबाई, नुसतं "अवो" म्हणाली तरी त्याचं तोंड उतरायचं.

पंच्याऐंशी साली नागनाथ आला आणि उस्तादाची झोप गेली.

नागनाथ भीमनगरातला, परभणीला आयटीआय करून आलेला. स्टँडच्या रस्त्याला त्यानं टिनपत्र्याचं दुकान टाकलं. तिथवर उस्तादाला काही वाटलं नाही. अशी पोरं येतात आणि सहा महिन्यांत पुण्याला निघून जातात. पण हा हैदराबादच्या भंगारबाजारात गेला आणि पलटणीतले पाच जुने टेलिफोन घेऊन आला. लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल. पोस्टात एक फोन होता, पण तो सरकारचा. परभणी लागायला सकाळची दुपार व्हायची, आणि गावातल्या गावात बोलायचं तर त्याचा उपयोगच नव्हता.

"गावात बोलायला सरकार कशाला पायजे?" नागनाथ म्हणायचा. "आपली तार, आपल्या पेट्या, आपलं बोलणं."

एक पेटी त्याच्या दुकानात, एक शाळेत, एक दूध डेअरीत, एक दवाखान्याच्या सिस्टरबाईंकडं. पाचवी गावापासून दोन मैलांवर, दत्तरावांच्या आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या वस्तीवर. सगळं एकाच लाईनीवर. सिस्टरबाई पाहिजेत तर हँडलचे दोन फेरे, शाळेला तीन, आखाड्याला चार. घंटी मात्र पाचही ठिकाणी वाजायची आणि ज्याला कान आहेत तो उचलून ऐकायचा. लोक ऐकायचेच. त्यात लपवाछपवी अशी नव्हतीच.

दिवाळीच्या पाडव्याला डेअरीचे चेअरमन बन्सीधरराव यांनी नागनाथाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. शंभर माणसांसमोर. उस्ताद मागं उभा होता. वीस वर्षांत त्यानं गावातले किती आवाज दुरुस्त केले असतील, पण त्याच्या खांद्यावर कुणी साधं फडकं टाकलं नव्हतं. त्याला हेवा वाटला. स्वच्छ, सोलीव हेवा. घरी येऊन त्यानं ताट सरकवून दिलं आणि म्हणाला, "भाजीला चव न्हाई."

"तुमच्या तोंडाला न्हाई," कडूबाई म्हणाली.

त्या सालांत नामांतराचं नाव निघालं की गावातली माणसं आपोआप दोन बाजूंना सरकायची. उस्तादाला विद्यापीठाचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं औरंगाबाद बघितलंही नव्हतं. पण पारावर कुणी म्हणालं, "गावाची तार त्यांच्या हातात कशाला द्यायची?" की सगळ्यांत आधी मान हलायची ती उस्तादाची. आपल्या जळण्याला गावाचं भांडण आयतं सरपण मिळालंय, हे त्याला कळत होतं. कळूनही तो मान हलवायचा. एकदा तर त्यानं सरकारात निनावी तक्रार करायला आंतरदेशीय पत्रसुद्धा आणलं. "मेहरबान साहेब" एवढं लिहिलं, मग अक्षर ओळखतील म्हणून फाडून टाकलं.

आणि मग एक दिवस त्याला खोट सापडली.

गावातल्या चार पेट्यांना नागनाथानं दोन-दोन तारा ओढल्या होत्या. आखाड्यापर्यंत मात्र तार पुरेना, म्हणून एकच ओढलेली. दुसऱ्या तारेचं काम जमिनीकडून करून घेतलेलं: दुकानामागं लोखंडी कांब पुरली, मीठ-कोळसा घातला, तशीच दुसरी आखाड्यावर. आखाड्यावरची विहिरीच्या पाटाजवळ, कायम ओली. दुकानामागची मात्र उघड्या काळ्या रानात. दिवाळीत जमीन ओलीच असते, तेव्हा सगळं झकास. पण ही काळी आई होळीनंतर फाटायला लागते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. मियाँ सांगायचा, "काली मिट्टी को गर्मी में पानी पिलाव, नै तो तार गूंगी हो जाती." आयटीआयच्या पुस्तकात मियाँ थोडाच होता!

त्या दिवशी उस्ताद दोन भाकरी जास्त जेवला.

"चैत येऊ दे," तो कडूबाईला म्हणाला. "कांब सुटी पडंल न् आखाड्याची लाईन मरंल. घागरभर पान्याचं काम हाय, पन त्याला म्हाईतच न्हाई!"

"मग सांगा की त्याला."

"मी का म्हून सांगू? आयटीआयला इचार म्हनावं."

कडूबाईनं त्याचं ताट उचललं. त्यांची लेक नर्मदा दत्तरावांच्या घरात दिलेली, आखाड्यावरच राहायची. पहिलंच बाळ, चार महिन्यांचं. घरी पेटी बसवायला उस्तादानं साफ नकार दिलेला, म्हणून कडूबाई रोज सिस्टरबाईंकडं जाऊन लेकीशी बोलायची. उस्तादाला ते ठाऊक होतं, पण हेव्याला लेक दिसत नाही.

चैत्र लागला. ऊन असं की कावळे चोच उघडी टाकून बसायचे. उस्ताद रोज काही ना काही निमित्त काढून नागनाथाच्या दुकानावरून जायचा आणि कान द्यायचा. हनुमान जयंतीला तर त्यानं तीनदा चकरा मारल्या. आज मरंल, आता मरंल. आणि आतून आखाड्याशी चाललेलं बोलणं खणखणीत ऐकू यायचं.

वर नागनाथ उठून उभा राहायचा, हात जोडायचा. "उस्ताद, तुमची मेहरबानी! लाईन घोड्यावानी पळायलीय!"

बघा, काय उर्मट पोरगं! उस्तादाला वाटायचं, हा तोंडावर टोमणा मारतो. नागनाथानं चहा पाठवला तर तो उस्तादानं नाल्यात ओतला.

शेवटी हॉटेलवाला व्यंकटराव एकदा सहज म्हणाला, "उस्ताद, वहिनी रोज सकाळी घागर घेऊन त्या दुकानामागं का जातेत? तिकडं तर आड न्हाई."

दुसऱ्या सकाळी उस्ताद बाभळीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला. सगळं रान उललेलं, पण कांबीभोवतीची हातभर जमीन काळीभोर ओली. कडूबाई आली, तिनं अर्धी घागर तिथं ओतली, पायानं माती दाबली आणि मागं वळली तर समोर नवरा.

"काय करायलीस?"

"पानी घालायलेय."

"कुनी सांगितलं तुला?"

"तुमीच की. जेवताना."

उस्तादाचं रक्त उकळलं. "आन् त्याला म्हाईत हाय?"

"इचारलं त्यानं. मावशी, कुनी सांगितलं म्हनला. मी म्हनलं, आमच्यांनी." तिनं घागर कंबरेवर घेतली. "खोटं थोडंच हाय?"

म्हणजे ते हात जोडणं खरं होतं, आणि चहाही.

आठ दिवसांनी अक्षय तृतीयेला बन्सीधररावांचा निरोप आला: लाईन भर उन्हाळ्यात जिवंत ठेवल्याबद्दल डेअरीत उस्तादाला टॉवेल-टोपी. नागनाथानंच धोशा लावलेला. उस्तादानं नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं "बरं." काय करणार, वीस वर्षांची भूक होती ती.

टोपी चढली, खांद्यावर टॉवेल आला, टाळ्या झाल्या. उस्तादाला ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. बायकांत बसलेल्या कडूबाईकडं मात्र त्यानं बघितलं नाही. आता त्याला नागनाथाचा नव्हे, तिचाच हेवा वाटत होता.

"आता उस्ताद आखाड्याला बोलतील," नागनाथ म्हणाला. त्यानं हँडलचे चार फेरे मारले आणि रिसिव्हर उस्तादाच्या हातात दिला. तिकडं शाळेत, दुकानात, सिस्टरबाईंकडं लोकांनी उचलून कानाला लावलेच होते.

"आबा!" नर्मदा. आवाज अगदी कानाशी. "लय बरं केलंत बगा तुमी. हनुमान जयंतीला बाळ तापानं फणफणलं व्हतं, डोळे फिरवायलं. घरात मी एकली. ह्याच्यावरच सिस्टरबाईस्नी हाक मारली, त्या धावत आल्या म्हून वाचलं. आईला म्हनलं, आबाला सांगू नकू, काळजी करतील. तुमी पान्याचं सांगितलं नसतं तर काय झालं असतं, आबा?"

उस्तादाला तो दिवस आठवला. हनुमान जयंती. तीन चकरा.

"मी न्हाई सांगितलं, बाय," तो म्हणाला. समोर शंभर माणसं होती, तारेवर उरलेलं गाव होतं, पण त्याला कशाचंच भान राहिलं नाही. "मला म्हाईत व्हतं, तरी न्हाई सांगितलं. मी वाट बघायलो व्हतो ही कवा मरते त्याची. पानी तुझ्या आईनं घातलं."

तिकडं बाळ कुरकुरलं, नर्मदानं त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग तिनं हळूच विचारलं:

"बाळ तापलं त्या दिवशीबी वाट बघायलावता, आबा?"

"व्हय," उस्ताद म्हणाला. "त्या दिवशीबी."