अर्ध्यावर अडकलेला स्नॅपशॉट

"मिसिंग डिस्क यादीतून काढून टाका मॅडम, डेटाचा व्हॉल्यूम लगेच सुरू होईल," सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर फोनवर सांगत होता.

मी कीबोर्डवरून हात काढला.

गोंदियातल्या एका सिकलसेल दवाखान्याचा सर्व्हर मी सांभाळते. सकाळी रुग्णांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं. त्याआधी स्नॅपशॉट घेतला होता. म्हणजे डेटा त्या क्षणी होता तसा धरून ठेवायचा. पुढे जे बदलेल, त्याची जुनी प्रत बाजूला जपली जाते. नव्या व्हर्जनने एका रुग्णाच्या नोंदी दुसऱ्याच्या नावावर टाकल्या. म्हणून जुन्या स्थितीत परतायची कमांड दिली. अर्ध्यातच लाईट गेली आणि यूपीएसनेही दगा दिला. लाईट आली, पण स्नॅपशॉट ज्या बाहेरच्या डिस्कवर होता, ती दिसेचना.

आता अर्धा डेटा जुना, अर्धा नवा. डिस्क यादीतून काढली असती तर तिच्यावरच्या जुन्या प्रती तुटून ही खिचडी कायमची झाली असती. पूर्ण बॅकअप बराच जुना होता.

बाहेर नवेगाव बांधची एक बाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीला रक्त चढवायचं होतं. मागच्या वेळी तिला रिअ‍ॅक्शन आली होती. कोणतं रक्त टाळायचं, ते सर्व्हरमध्ये.

डॉक्टर आत आले. "तो इंजिनिअर सांगून राहिला ना? मग काऊन थांबल्या?"

"सर, पोरीच्या नावावर दुसऱ्याचंच रेकॉर्ड उघडलं तर?"

त्यांनी खिशातून फोन काढला. "मग घाई नका करू. मी ब्लड बँकेला नव्याने तपासायला सांगतो. वेळ लागेल, पण चालेल."

मी टेबलाखाली वाकले. डिस्कच्या डब्यावरचा दिवा बंद. अ‍ॅडॉप्टरला जळका वास येत होता. रिसेप्शनच्या सीसीटीव्हीचा अ‍ॅडॉप्टर त्याच व्होल्टचा, त्याच पिनचा निघाला. तो लावला. डिस्क घरघरली. हायसं वाटलं, पण डेटा अजून अर्धवटच होता.

व्हॉल्यूम सुरू केला. थांबलेलं काम जिथे अडलं होतं तिथून आपोआप पुढे सरकलं. उरलेल्या कामाचे टक्के उतरत उतरत शून्यावर आले.

डॉक्टरांनी पोरीचं रेकॉर्ड उघडून आईला वाचून दाखवलं.

"हो जी, असंच झालं होतं," ती म्हणाली. "अंगभर गांधी उठल्या होत्या."

ब्लड बँकेचा रिपोर्टही तेच सांगत होता. दुपारी रक्त चढलं. पोरगी शांत झोपली. मग कुठे मी जेवणाचा डबा उघडला.

आता दुसऱ्या मशीनवर पूर्ण बॅकअप गेल्याशिवाय मी काहीच अपग्रेड करत नाही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डेटाच्या भरवशावर जगतो, आणि परतीच्या वाटेवर मूळ डेटा त्याच्या.