हेल्मेटवरचा रक्तगट

माझा मुलगा माझा असू शकत नाही, हे मला एका रविवारी पोहे खाताना कळले. पोहे चांगले झाले होते.

नात पीहू दहावीत आहे. शाळेसाठी ती घरातल्यांच्या रक्तगटांचा तक्ता मांडत होती. "आबा, आपका कौनसा?"

मी खुंटीवरच्या हेल्मेटकडे बोट दाखवले. पोलाद कारखान्यात आमच्या हेल्मेटवर रक्तगट रंगवलेला असे. माझा एबी. निवृत्तीनंतरही हेल्मेट मरोदा वस्तीतल्या आमच्या घरात मानाने टांगलेले आहे. (देवघराशेजारी!)

"आजीचा ओ, पप्पांचा ओ..." पेन्सिल थांबली. "आबा, एबीवाला बच्चे को या तो ए देगा, या बी. ओ होऊच शकत नाही!"

मुलगा प्रशांत माझ्याकडे पाहू लागला. येथे मी गप्प बसायला हवे होते. परंतु माझी हयात माल-तपासणी विभागात गेली.

"हेल्मेटवरची नोंद चुकत नाही," मी म्हणालो.

सौ.चा झारा थांबला. "मंग चुकलं कोन जी? मी?"

"मी केवळ नोंद सांगितली."

"आत्ताच्या आत्ता रक्त तपासा! नाही तं मी चालली गोंदियाले, भावाकडं. मंग खा ते हेल्मेट, फोडणी देऊन!"

तिने बॅग भरली. पावर हाउसजवळच्या लॅबमध्ये आम्ही तिघे गेलो, बॅगेसह.

तेथे एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात रक्ततपासणीची रांग लागली, तेव्हा सुई पाहून मी हळूच सटकलो होतो आणि अर्जावर पुढच्या माणसाचा गट उतरवला होता. रोज हेल्मेटवर वाचून तो मला माझाच वाटू लागला! हे कबूल करण्यासाठी मी तोंड उघडले. तेवढ्यात सुई दिसली.

शुद्धीवर आलो तेव्हा बाकावर आडवा होतो. शेजारच्या बाकावर प्रशांत आडवा! (त्याला कोणी टोचलेही नव्हते. तो माझा हात धरायला उभा होता.)

लॅबवाला घाबरला. "अम्मा, दोनों को क्या हो गया?"

सौ.ने दोन्ही बाक निरखले. "काही नाही झालं, बेटा. रिपोर्ट राहू दे. बाप कोन हाय, ते दिसून राहिलं!"

रक्त मात्र मी बेशुद्ध असतानाच काढून झाले होते. (सोय झाली.) गट ए निघाला, आणि ए-ओच्या पोटी ओ होऊ शकतो. पीहूचा तक्ता जुळला, बॅग रिकामी झाली.

नोकरीत लोखंडाचा एकही तुकडा मी तपासल्याशिवाय पास केला नाही. बिनतपासणीचा माल एकच सुटला. तो रोज हेल्मेट घालून कामावर येत असे.