पाच उत्तरं आणि मागची भिंत

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे, चष्म्याच्या दुकानावर एक क्लास होता. नुकत्याच पदवीधर झालेल्यांकडून तिथे मुलाखतीतल्या पाच प्रश्नांची पाच उत्तरं पाठ करून घेत. स्वतःबद्दल सांगा, हीच कंपनी का, ताकद काय, उणीव काय, पाच वर्षांनी कुठे असाल. उणिवेचं उत्तर सरांना विशेष प्रिय होतं : "काम परिपूर्ण होईपर्यंत मला चैन पडत नाही." बी.कॉम.च्या तीन वर्षांत एकही पुस्तक शेवटपर्यंत न वाचलेली आमची अख्खी बॅच हे वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणत असे.

मी दोन मुलाखतींत नापास झाले होते. तिसरीही गेली तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. मामाने खुर्चीही आणून ठेवली होती.

तिसरी मुलाखत गव्हाणजवळच्या एका गोदामात होती. बाबा बाइकवरून सोडायला आले आणि थांबले. आमच्याकडे मुलीला एकटं सोडत नाहीत; समोरचे बघायला आलेले असोत की नोकरी द्यायला. गोदामाला वळसा घालून ते परत आले.

"इथं आपलं मिठागर व्हतं. मागच्या भिंतीकडं उघाडी व्हती, ती यांनी बुजवली. आता उधानाचं पानी जायाचं कुठं?"

उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीला ती बंद होते, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडते. मी बाबांना गप्प बसायला सांगितलं. माझं पाठांतर बिघडत होतं.

आत मॅनेजर आणि एचआरच्या मॅडम होत्या. पहिली तीन उत्तरं बिनचूक गेली. उणीव सांगितल्यावर मॅनेजरनी पेन खाली ठेवलं.

"सकाळपासून तुम्ही चौथ्या. कुणालाच चैन पडत नाहीये. सगळे एकाच क्लासचे का?"

"हो सर."

"बॅचला मुलं किती असतात?" मॅडमनी विचारलं. बहुधा त्यांनाही क्लास काढायचा होता.

पाच वर्षांनी मी याच कंपनीत नेतृत्वाच्या जागी असेन, असं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे त्यांचं सौजन्य.

"आम्हाला काही विचारायचंय?"

हा सहावा प्रश्न. क्लासमध्ये झालेला नव्हता. बाहेर बसले असताना काचेतून जे दिसलं होतं तेच मी विचारलं : "मागच्या भिंतीकडची खालची खोकी ओली का आहेत?"

"गळतंय. दोनदा वॉटरप्रूफिंग केलं."

"गळत नसेल, सर. अमावास्या-पौर्णिमेलाच पाणी येतं का? तिथली उघाडी बुजवलीय."

"कोण म्हणालं?"

"बाबा. बाहेर उभे आहेत."

मॅनेजर उठून गेले. बाबांची मुलाखत मागच्या भिंतीपाशी अर्धा तास चालली. त्यांना उणीव कुणी विचारली नाही.

नोकरी मला मिळाली. क्लासने जिन्यात माझा फोटो लावला; खाली लिहिलं, 'पाच उत्तरांचं यश'. मामाने खुर्ची दुसऱ्या भाच्यासाठी ठेवली.

उघाडी कंपनीने उघडली नाही. त्याऐवजी पंप घेतला आणि भरतीचं वेळापत्रक माझ्याकडे दिलं. आता पाच वर्षं झाली आहेत. माझ्या पदाच्या नावात 'प्रमुख' हा शब्द आहे, आणि दर अमावास्या-पौर्णिमेला मी मागच्या भिंतीपाशी उभी राहून पंप चालू करते.