वायर उपटणारे गृहस्थ

दादरच्या वाद्यांच्या दुकानात मी आमच्या बँडसाठी कीबोर्ड बघत होतो. लग्नात, सोसायटीच्या कार्यक्रमात आम्ही जुनी गाणी वाजवतो. सगळ्यात महागड्या कीबोर्डवर मी रंगात आलो होतो आणि एकदम आवाज गेला. शेजारच्या गृहस्थांनी भिंतीतली वायर उपटली होती.

"अहो, काय करताय काय!" मी ओरडलोच.

साठीचे असतील. लालबागच्या एका बेंजो पार्टीत, मिरवणुकीच्या टेम्पोवर उभं राहून कीबोर्ड वाजवतात, हे दुकानदाराने नंतर सांगितलं. त्यांनी शांतपणे वायर परत लावली. कीबोर्ड चालू व्हायला वेळ घेत होता. तोवर ते त्या मुक्या पट्ट्यांवर दोन्ही हातांनी माझंच गाणं पुढे वाजवू लागले, मानेने ठेका धरून.

"जनरेटर मधेच बंद पडतो रे. पब्लिक नाचायची थांबत नाही, ढोल थांबत नाही. मग आपण का थांबायचं?"

आणि आवाज आला. गाणं नेमकं तिथे होतं, जिथे ते एव्हाना पोचायला हवं होतं.

"हा घेऊ नको, उठायला वेळ लावतो," म्हणत ते पुढच्या कीबोर्डची वायर उपटायला गेले.

मी पटकन चालू होणारा घेतला. बायकोला सांगून ठेवलंय, मी वाजवताना न सांगता वायर काढत जा. ती काढते.

कीबोर्ड लगेच उठतो. मी अजून दर वेळी थांबतो.