काकांची मखमल

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि असं लिहायचं असतं ते थोरामोठ्यांवर, हे मला कळतं. माझे धाकटे काका थोर नाहीत. ते साखऱ्याच्या बाजूला मेंढरं वळतात. तरी भीत भीत एक सांगतो : सगळ्या हिंगोली जिल्ह्यात त्यांच्याइतकी थंडीची वाट पाहणारा माणूस दुसरा नसेल.

तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेटीतून मखमल काढतात. वांगी रंगाचा कोट, त्याच कापडाची टोपी, गळ्याला तसाच पट्टा, आणि उरलेल्या तुकड्याची मोबाईलला पिशवी. कापड कळमनुरीच्या एका मंडपवाल्याकडचं, नवरा-नवरीच्या खुर्चीला लावून उरलेलं. आमच्याकडे थंडी खरी पहाटेचीच. दुपारी ऊन असं तापतं की मेंढरं बाभळीखाली माना खाली घालून उभी राहतात, आणि काका घामानं निथळत कोटाची गुंडीसुद्धा काढत नाहीत. कोटाला लोकर चिकटते, गोखरू चिकटतात, ते वेचण्यात संध्याकाळ जाते. कुणी कौतुकानं हात फिरवला तर ओरडतात, "उलटा नको फिरवू! लव मोडते तिची. वरून खाली, हळू." पहिल्या दिवशी आमचं कुत्रंही त्यांना ओळखत नाही, लांबून भुंकत राहतं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या सगळ्याचा मोठा राग. "घरच्या लोकरीची घोंगडी हाय, अन् हे खुर्चीचं कापड काहून घालून राहिला?" काका शांतपणे म्हणतात, "घोंगडी पांघरली की पाहुण्याला मेंढरं आधी दिसतेत, माणूस मागून."

पाहुणे म्हणजे मुलीकडचे. सगळी मखमल त्यांच्यासाठी. तुळशीचं लग्न झालं की लोकांच्या सोयरिकी सुरू होतात, कोण कधी येईल नेम नाही, म्हणून काका रानातही तयार असतात. पूर्वी पाहुणे यायचे. "पोरगा काय करतो?" विचारायचे, मेंढरं म्हटलं की अर्धा चहा ठेवून उठायचे. पुढे तेही येईनात. मुलींचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. माझ्या वर्गातल्या मुली तेच बोलतात, आणि मेंढरांमागे रानोमाळ उघड्यावर चूल मांडणं काय असतं ते मी आईकडे पाहून शिकलो आहे. पण चाळिशीला टेकलेला माणूस रोज सकाळी टोपीची लव नीट करून रस्त्याकडे बघत बसतो, तेव्हा कुणावर रागवावं हेच कळत नाही.

एकदा आखाडा बाळापूरला एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. कोट पाहून नवरदेवाच्या मामाला काका बँडवाले वाटले. "ओ मास्तर, हितं काहून उभे? वाजवा की!" म्हणत त्याने त्यांना हाताला धरून बँडात उभं केलं. मी लाजेनं मरत होतो. काकांनी मात्र कुणाचा तरी खुळखुळा घेतला आणि वेशीपासून मांडवापर्यंत वाजवत गेले. परत येताना म्हणाले, "त्याचा गैरसमज झाला, त्यात काय. वरातीत सगळ्यात पुढं कोण होतं? आपूनच ना?" मी हसलो. ते हसले नाहीत.

यंदा संक्रांतीनंतर हॉस्टेलवर आईचा फोन आला. "पाहुणे आल्ते," ती म्हणाली. मी खाटेवरून उठून उभाच राहिलो. "काकाला पाहायला?"

"न्हाई रे. तुला."

त्यांना शिकलेला मुलगा हवा होता. लग्न दोन वर्षांनी झालं तरी चालणार होतं. काकांनीच त्यांना आत घेतलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं, आणि माझी अशी तारीफ केली की आईलाच लाज वाटली. मग मुलीच्या बापानं घरात कोण कोण असतं ते विचारलं. घरात बिनलग्नाचा चुलता असला की लोक कचरतात. भावांचं पटत नसेल, नव्या सुनेच्या गळ्यात त्याचंही करणं पडेल, असं काहीबाही मनात आणतात. "अन् हे कोण?" त्यानं काकांकडे बोट केलं. आबांनी तोंड उघडायच्या आत काकाच बोलले, "मी गडी हाय हितला. मेंढरं वळतो."

"मग आबा काय बोलले?"

"खाली मान घालून बसले. मी चहा ठेवाया आत गेले." आई पुढे सांगू लागली. "पाहुणे लई खूश झाले बघ. म्हणले, ज्या घरात गड्याच्या अंगावर मखमल, तिथं लेक द्यायला काय हरकत?"

मी परत खाटेवर बसलो.

"हॅलो," आई म्हणाली, "ऐकून राहिला ना रे?"